आडवे माझे, उभे तुझे

१

कोडं पूर्ण सुटलेलं होतं, आणि नेमकं तेच खटकत होतं.

अण्णांचा चष्मा शोधायला कृष्णवेणीने रेडिओमागे हात घातला, तर चष्म्याबरोबर घडी घातलेलं वर्तमानपत्रही हाती आलं. बेळगावचं मराठी दैनिक. म्हैसूरला ते एक दिवस शिळं होऊन टपालाने यायचं. अण्णा, म्हणजे तिचे वडील तिरुमलराव, बातम्या शेवटी वाचायचे. आधी मागच्या पानावरचं गूढ शब्दकोडं. हा अंक ते गेले त्याच दिवशी आलेला. शेजारच्या गिरिजाबाईंनी तो जमिनीवरून उचलून, नीट घडी करून रेडिओमागे ठेवला असणार.

ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. काळ्यापांढऱ्या घरांची जाळी, आणि एकही पांढरं घर रिकामं नाही. सगळीकडे अण्णांची पेन्सिल, सर्व्हे खात्यात जन्मभर नकाशे काढलेल्या माणसाचं छापल्यासारखं अक्षर. फक्त तळाच्या एका आडव्या शब्दावरची शिरोरेघ मध्येच घसरून खालच्या काळ्या घरात गेली होती. कागद सरकला असेल, असं तिला वाटलं.

पण गेली दोन वर्षं अण्णांनी एकही कोडं पूर्ण केलं नव्हतं. ते फक्त आडवे शब्द सोडवत. अशा जाळीत आडवे सगळे भरले, तरी उभ्या शब्दांची एकाआड एक अक्षरंच भरतात. मधली घरं तशीच राहतात, दात पडलेल्या तोंडासारखी. सुट्टीला बेंगळूरहून आली की तिला ही बोळकी कोडी घरभर दिसायची.

“उभे का सोडवत नाही, अण्णा?”

“ते त्याचे आहेत.”

तो म्हणजे खंडोजीराव. म्हैसूरच्या घोडदळात पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केलेल्या घराण्यातला, स्वतः पोलिसांच्या पागेतून निवृत्त झालेला, मिशीवाला, गडगडाटी माणूस. रोज दुपारी हिनकलहून बस पकडून तो अग्रहारातल्या या घरी यायचा. एकच अंक, दोन माणसं. ‘आडवे माझे, उभे तुझे,’ हा तिच्या जन्माआधीचा करार. दुसरा नियम त्याहून कडक: विचार करणाऱ्याला हाक मारायची नाही. जो आधी तोंड उघडेल तो हरला. एकदा स्वयंपाकघरात दूध करपलं. वास दोघांनाही आला, पण बोललं कोणीच नाही. आई डोक्याला हात लावून म्हणाली होती, “घर पेटलं तरी तुम्ही दोघं आधी आगीला तीन अक्षरी शब्द शोधाल!”

मग दोन वर्षांपूर्वी, एका मुंजीच्या पंगतीत, खंडोजीराव सगळ्यांदेखत म्हणाला, “पुरे झाला हा पोरखेळ. कागदावर रेघोट्या ओढून कुणाचं भलं झालंय?” अण्णांनी पानावरचा घास खाली ठेवला. त्या दिवसापासून अबोला. आधी तोंड कोण उघडणार, एवढाच प्रश्न उरला होता.

आणि आता हे भरलेलं कोडं.

त्या दुपारी इथे कोणीतरी बसलं होतं. अण्णांच्या समोर, उभे शब्द सोडवत. आणि गेले सात दिवस घरात येणारा प्रत्येक जण तिला एकच वाक्य ऐकवत होता: “शेवटी जवळ कोणी नव्हतं हो.”

कोणीतरी खोटं बोलत होतं.

२

चुलतभाऊ वादिराज परसात विहिरीच्या कट्ट्यावर बसला होता. अण्णांना मुलगा नाही, म्हणून क्रिया तोच करत होता. डोक्याचा गोटा, अंगावर ओला पंचा. एरवी बँकेत सुटाबुटात असणारा हा मुलगा आठवड्यात दहा वर्षांनी थोराड दिसायला लागला होता. घराच्या मागच्या दोन खोल्यांत तोच राहायचा. अण्णांचं दुखलंखुपलं त्याच्यावरच होतं.

तिने कागद त्याच्या पुढे धरला. त्याने हात लावला नाही.

“सुम्ने उगीच कशाला त्रास करून घेतेस, वेणक्का? कंटाळा आला असेल, काकांनीच सोडवले असतील उभे पण. अक्षर त्यांचंच आहे की.”

“अक्षर त्यांचं आहे. शब्द त्यांचे नाहीत.”

“म्हणजे?”

ती कट्ट्यावर टेकली. “मी सात-आठ वर्षांची असताना अण्णांनी मला पहिलं शोधसूत्र दिलं. ‘मानव लपवतो पोटात आश्चर्य’, तीन अक्षरं. मी दिवसभर डोकं खाल्लं. मग दिसलं. ‘मानव लपवतो’ हे दोन शब्द शेजारी ठेव, त्यांच्या पोटात बघ. मा सोड, मग न, व, ल.”

“नवल,” वादिराज म्हणाला. “आयतु, कळलं. मग?”

“मी उत्तर सांगितलं. अण्णांनी तीन अक्षरं लिहिली, पण बोडकी. शिरोरेघ मारलीच नाही. म्हणाले, आधी उलगडून सांग. सांगितलं. मग पेन्सिल माझ्या हातात दिली. ‘शब्द ज्याचा, रेघ त्याची. तुझी तू मार.’” तिने कागदावर बोट ठेवलं. “हे बघ. आडव्या शब्दांवर सलग रेघा आहेत. पण मधल्या घरांत, जिथे फक्त उभ्या शब्दांची अक्षरं येतात, तिथे सगळी बोडकी. कोणीतरी उत्तरं सांगितली, अण्णांनी लिहून घेतली. आणि त्या माणसाने आपल्या रेघा मारल्याच नाहीत.”

वादिराज विहिरीत पाहत राहिला. “मला हे कोड्याचं मराठी झेपत नाही, अक्का. बँकेत दिवसभर कन्नड बोलून बोलून घरातलं मराठी पण अर्धं सांडलं.”

हे खरं होतं. उभे शब्द वादिराजच्या आवाक्यातले नव्हते. तिने त्याच्यावरचा संशय तिथल्या तिथे पुसून टाकला.

“एवढंच लक्षात ठेव,” तो मऊ आवाजात म्हणाला, “त्यांच्या चेहऱ्यावर त्रास नव्हता. खिडकीच्या खुर्चीत, मान जरा कलती, झोपल्यासारखे.”

गेले सात दिवस तिला कोणी एवढंही सांगितलं नव्हतं.

ती वळली, तेवढ्यात मागून त्याने विचारलं, अगदी सहज विचारल्यासारखं:

“हा कागद अजून कुणाला दाखवलास काय?”

३

गिरिजाबाई भिंतीला भिंत लागून राहायच्या. रोज संध्याकाळी त्या अण्णांकडे देवापाशी दिवा लावायला यायच्या, कारण अण्णांच्या हातून वात नेहमी तेलात बुडायची. त्या संध्याकाळी अण्णांना पहिल्यांदा पाहिलं ते त्यांनीच.

“ये गं, ये. मी केव्हाची वाट बघतेय, कोण विचारतं म्हणून,” त्या तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. “सगळे आपले येतात, रडतात, कॉफी पिऊन जातात. मला कुणी पुसलं काय? इल्ल!”

“मी पुसते. दार कसं होतं?”

“नुसतं लोटलेलं. तुझे अण्णा जेवण झालं की कडी घालायचे. मी कडी वाजवायची, ते उघडायचे. त्या दिवशी हात लावला तर दार आत गेलं.”

“मग?”

“कॉफीचे दोन लोटे. एक रिकामा. एक तसाच भरलेला, वर साय धरलेली. मला वाटलं, म्हाताऱ्याने विसरून दोनदा केली. धुऊन ठेवले.” त्या थांबल्या. “मग रात्री अंथरुणात आठवलं. कॉफी विसरणारा माणूस होता होय तो?”

कृष्णवेणी पुढे सरकली. “अण्णा कुठे बसले होते?”

“तेच की नवल. खिडकीच्या खुर्चीत. ती पाहुण्याची ना? उजेड पाहुण्याला, असं म्हणायचे. स्वतः आयुष्यभर कपाटाच्या कोपऱ्यात बसले. त्या दिवशी उलटं. स्वतः उजेडात, आणि दुसरी खुर्ची कोपऱ्यात अंधारात. लोटा रिकामा होता तो तिथे.”

पाहुण्याला अंधारात बसवायचं? अण्णांनी? दारात मीटर वाचायला आलेल्या माणसालाही ते खिडकीपाशी बसवत.

“गिरिजाबाई, तुम्ही बघितलंत, मग पुढे काय झालं?”

“पुढे काय, मी ओरडले. समोरचे दोघं आले. त्यांना खाली घेतलं, चटई घातली, दर्भ ठेवले. खुर्च्या उचलून पडवीत टाकल्या, माणसांना उभं राहायला जागा नको? मग कितीतरी वेळाने वादिराज आला स्कूटरवरून. बिचारा, दारातच मटकन खाली बसला.”

“म्हणजे त्याने अण्णांना खुर्चीत पाहिलंच नाही.”

“कुठून पाहील? चटईवर पाहिलं.”

“कोणत्या खुर्चीत होते, हे तुम्ही त्याला सांगितलंत?”

गिरिजाबाईंनी सूप खाली ठेवलं. “कुणालाच नाही सांगितलं. म्हटलं ना, कुणी विचारलंच नाही. आता तुला सांगतेय, ती पहिलीच.”

*खिडकीच्या खुर्चीत, मान जरा कलती.*

पुसलेला संशय जागच्या जागी पुन्हा उमटला, आता शाईने.

४

तिने लगेच परसात धाव घेतली नाही. अण्णांनी तिला शिकवलं होतं, अर्धवट उत्तर जाळीत भरलं की शेजारचे चार शब्द बिघडतात. वादिराज खोटं बोलला एवढं कळलं. पण उभे शब्द वादिराजचे नाहीत. म्हणजे माणसं दोन. एकाने उत्तरं सांगितली. दुसऱ्याने पाहिलं आणि लपवलं.

उत्तरं सांगणारा कोण, याला म्हैसुरात एकच नाव बसत होतं. पण ते नाव एका जागी अडत होतं. खंडोजीराव आला असता, तर त्याने स्वतः लिहिलं असतं. त्याचं निळ्या शाईचं पेन खिशाला कायम लावलेलं. अण्णांची पेन्सिल, त्याची शाई. प्रत्येक जुनं कोडं असं दोन रंगांचं होतं. समोर बसून त्याने शब्द नुसते सांगितले आणि अण्णांना लिहू दिले? रेघाही मारल्या नाहीत?

जुनी कोडी. ती उठली. अण्णा रद्दी विकत नसत. फडताळाच्या कप्प्यांत अंथरत. तिने डबे खाली काढले आणि एकेक कागद ओढून जमिनीवर मांडला. वरच्या कप्प्यात अबोल्याच्या वर्षांतली बोळकी कोडी. त्याखाली दोन रंगांची.

अबोल्याच्या बऱ्याच आधीची निळी अक्षरं ठसठशीत, घरात नेमकी बसलेली. नंतरची थोडी मोठी. आणखी नंतरची त्याहून मोठी. मग एक अक्षर घराच्या कडेवर. एक शेजारच्या घरात घुसलेलं. मुंजीच्या थोडं आधीच्या एका कोड्यात निळा शब्द चक्क काळ्या घरांवरून खाली उतरत गेला होता, आणि अण्णांनी शेजारी पेन्सिलीने बारीक लिहिलं होतं: ‘खंडोबा, घाई कसली?’

तिने तो कागद ओळीत शेवटी ठेवला.

घाई नव्हती. घरं दिसत नव्हती.

एकेक शब्द आता आपोआप भरत गेला. पंगतीतला तो ‘पोरखेळ’. आपल्याला दिसेनासं झालंय हे मान्य करण्यापेक्षा खेळच हलका ठरवणारा, घोड्यावरून कधी न पडलेला माणूस. कोपऱ्यातली अंधारातली खुर्ची. उजेड ज्याला हवा तो उजेडात बसला, ज्याला उपयोग नाही तो कोपऱ्यात. सांगितलेले शब्द. न मारलेल्या रेघा. मानव लपवतो पोटात.

आणि हिनकलहून अग्रहारापर्यंत जो माणूस बस धरू शकत नाही, त्याला कोणीतरी आणलं होतं. स्कूटरवरून.

५

“खिडकीची खुर्ची,” ती म्हणाली.

वादिराज पंचा पिळत होता. हात तसेच थांबले.

“तू आलास तेव्हा खुर्च्या पडवीत होत्या, वादी. खंडोजीकाकांना तू आणलंस. त्यांना दिसत नाही. एवढं मला माहीत आहे. बाकीचं तू सांग.”

तो कट्ट्यावर बसला. पिळलेला पंचा पुन्हा बादलीत पडला.

“रुक्मिणीबाई बँकेत आल्या होत्या. खंडोजीरावांची सून. म्हाताऱ्याची पेन्शनच्या कागदावरची सही जुळेना. मी विचारलं तर तिथेच रडल्या. काचबिंदू. घरात सगळ्यांना शपथ घातलेली, बाहेर बोलायचं नाही म्हणून. मी येऊन काकांना सांगितलं. काकांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, ‘दोन वर्षं मी त्याला गर्विष्ठ म्हणत होतो. घेऊन ये त्याला. मला कळलंय हे मात्र सांगू नकोस.’”

“म्हणजे आधी अण्णा बोलले.”

“हौदु. शनिवारी बँक लवकर सुटली, मी त्यांना आणून सोडलं. दारात उभा राहून जरा बघितलं. काका सूत्र वाचतायत, ते छताकडे तोंड करून उत्तर सांगतायत, दोघं एकमेकांना शिव्या देतायत. दोन वर्षं काही झालंच नव्हतं जसं. मी दार ओढून घेतलं.”

“आणि परत आलास तेव्हा?”

वादिराजने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. “शांत होतं सगळं. मी ‘काका’ म्हणायला तोंड उघडलं, तर खंडोजीरावांनी ओठांवर बोट ठेवलं. ‘श्श्! विचार करतोय.’ मी काकांकडे बघितलं. मान कलती. पेन्सिल खाली पडलेली, कागद पण. हात धरला तर गार.” त्याचा आवाज फुटला. “खंडोजीराव समोर बसले होते, अक्का. वाट बघत. हसत होते जरासे.”

विहिरीच्या कठड्यावर एक कावळा येऊन बसला आणि उडून गेला.

“मी म्हटलं, काका झोपलेत, चला तुम्हाला सोडतो. स्कूटरवर मागे आंधळा माणूस, त्याला मध्येच सांगू काय? पोचवलं, परत आलो, तोवर इथे माणसं जमलेली.”

“तू अण्णांना एकटं टाकून गेलास.”

“जिवंत होता त्याला आधी घरी पोचवलं,” तो म्हणाला. “चुकलं असेल. तेव्हा दुसरं सुचलं नाही.”

तिला काहीतरी तोडून बोलायचं होतं. पण त्याचा भुंडा माथा, खांद्यावरचं ओलं जानवं बघून तिने ते बोलायचं टाळलं.

“मग गप्प का राहिलास?”

“दुसऱ्या दिवशी त्यांना बातमी कळली. वेळ कळली. त्यांनी मला बोलावलं आणि एवढंच विचारलं, ‘मी समोर असताना गेला काय रे?’ मी खोटं बोलू शकलो नाही. तेव्हापासून त्यांनी अन्न टाकलंय. रुक्मिणीबाई म्हणतात, दिवसभर एकच वाक्य.” वादिराजने तिच्याकडे पाहिलं. “‘एक हाक मारली असती तर.’ आणि म्हणाले, वेणीला कळता कामा नये. तिला तोंड दाखवू शकणार नाही.”

कृष्णवेणीने हातातला कागद पुन्हा उघडला. आडव्या शब्दांतलं शेवटचं सूत्र. चार छापल्यासारखी अक्षरं. त्यावरची घसरलेली रेघ.

कागद सरकला नव्हता.

“रिक्षा कुठे मिळेल?” तिने विचारलं.

६

लग्न झालेल्या लेकीला सुतक तीनच दिवसांचं, त्यामुळे तिला दुसऱ्याच्या घरी जायला अडचण नव्हती. वादिराजला क्रियेतून उठता येत नव्हतं. ती एकटीच निघाली. विजयनगर मागे पडलं, हुणसूर रस्ता लागला, आणि हिनकल येईपर्यंत तिने पर्समधली पेन्सिल चारदा चाचपून पाहिली.

रुक्मिणीबाईंनी दारातच हात जोडले. “मामंजी कुणाला भेटत नाहीत हो.”

“मला भेटतील. अण्णांचं काम आहे.”

खंडोजीराव भिंतीला टेकून पलंगावर बसला होता. मिशी कोणी कातरली नव्हती. एवढा मोठा माणूस धोतरात हरवून गेला होता.

“कोण?”

“वेणी.”

त्याचा चेहरा भिंतीकडे वळला.

“वादीने सांगितलं?” त्याने विचारलं.

“कोड्याने सांगितलं. तुमच्या रेघा राहिल्यात त्यात.”

“‘तुझ्या रेघा बाकी ठेवतो,’ म्हणाला. ‘पुढच्या खेपेला मार.’” त्याचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा होता. “पोरी, मी तिथे होतो. हाताच्या अंतरावर. शेवटचा एक आडवा राहिला होता. तो गप्प झाला. मी म्हटलं, अडकला लेकाचा. मनात खूश झालो मी. हाक मारली असती तर हरलो असतो. मी त्याच्यासमोर जिंकत बसलो होतो, आणि तो…”

“काका, मी उलगडून सांगायला आलेय. मध्ये बोलू नका.”

तो गप्प झाला. नियम अंगात मुरलेला.

“शेवटचं सूत्र आठवतं?”

“आठ दिवस तेच तर डोक्यात घण घालतंय. ‘हातासारखी, पण दात आहेत तिला.’ चार अक्षरं. हातासारखी ती फणी? दोन अक्षरं. दात असलेली ती कवळी? तीन.”

“अण्णांना ते सुटलं होतं.”

म्हातारा ताठ झाला.

“चारही अक्षरं लिहिलेली आहेत. छापल्यासारखी. छातीत दुखत असतं, हात थरथरत असता, तर सर्व्हे खात्यातल्या माणसाला ते कागदावर लपवता आलं असतं? एकही अक्षर हललेलं नाही. आणि त्यावर रेघ आहे.”

“रेघ?”

“अण्णा शब्द पूर्ण उलगडल्याशिवाय रेघ मारायचे?”

“जन्मात नाही.”

“आधी रेघ मारायचे की आधी उत्तर सांगायचे?”

“आधी रेघ. मग टेबलावर पेन्सिल आपटून माझा उद्धार.”

“म्हणजे ते अडकलेले नव्हते. विचार संपला होता, शब्द सापडला होता, लिहून झाला होता. रेघ तिसऱ्या अक्षरापर्यंत आलीय, सरळ. आणि तिथून ती खाली गेलीय. काका, तुम्ही गप्प होतात त्या वेळाचे दोनच तुकडे आहेत. रेघेच्या आधीचा: तेव्हा ते ठणठणीत होते, विचार करत होते. तेव्हा हाक मारली असती तर त्यांनी तुम्हाला शिवीच दिली असती. आणि रेघेनंतरचा: तेव्हा ते नव्हतेच. या दोन्हींच्या मध्ये एकही घर रिकामं नाही. हाक कुठे बसवणार?”

बाहेर रस्त्यावरून एक बस गेली. खिडकीचे गज थरथरले.

“उत्तर काय होतं?” त्याने विचारलं.

“हात म्हणजे कर. सारखं म्हणजे वत्. पुत्रवत्, मातृवत् म्हणतो तसं.”

“कर… वत.” मग त्याच्या पोटातून एक आवाज निघाला. रुक्मिणीबाई धावत दारात आल्या. “करवत! अरे गाढवा, करवत! दात आहेत तिला!” तो हसत होता, आणि डोळ्यांतून पाणी मिशीत उतरत होतं. “एवढंसं होतं ते. आणि मी फणी घेऊन बसलो.”

“तुमचा नव्हताच तो. आडवा होता.”

“खरंय. आडवे त्याचे.” त्याने धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. “रुक्मिणी, हिला कॉफी दे. मला पण दे.”

रुक्मिणीबाई पदर तोंडाशी धरून आत गेल्या.

कृष्णवेणीने कागद एका पाटावर ठेवून त्याच्या मांडीवर दिला, पेन्सिल त्याच्या बोटांत दिली आणि मनगट धरून एका बोडक्या अक्षरावर आणलं. “उभे तुमचे. मारा.”

पहिली रेघ घराबाहेर गेली, काळ्या चौकोनात शिरली. दुसरी शेजारच्या अक्षराला खेटली. तो प्रत्येक शब्द आधी ओठांत उलगडत होता, मग रेघ ओढत होता. ती फक्त मनगट सरकवत होती. कॉफी आली, निवत राहिली.

सगळ्या झाल्यावर त्याने विचारलं, “त्याची घसरलेली कुठे आहे?”

तिने त्याचं बोट तळाच्या शब्दावर ठेवलं. अण्णा पेन्सिल दाबून लिहायचे. कागदावर चर उमटायचा. बोट सावकाश क वरून र वर गेलं, व पर्यंत पोचलं, आणि तिथून रेघेबरोबर खाली उतरलं. चर संपला तिथे थांबलं.

तो काही बोलला नाही. मान जरा कलली. हात कागदावर तसाच.

ती वाट पाहत राहिली. आत भांडं वाजलं, थांबलं. खोलीत कसलाच आवाज नव्हता. त्याची छाती हलतेय का ते धोतरा-उपरण्याच्या घड्यांत दिसत नव्हतं. विचार करणाऱ्याला हाक मारायची नाही. तिने ओठ मिटून धरले. आणखी थोडं थांबली. मग तिच्याने राहवलं नाही.

“काका!”

बोट हललं.

“आहे, आहे,” खंडोजीराव म्हणाला. “हरलीस तू.”